न वाळणारा डाग

१

बंद कपाटात, कुलपाआड उभ्या असलेल्या चेलोचा सांधा कमरेपासून तळापर्यंत उघडला होता. वाद्य पडले नव्हते, त्यावर काही पडले नव्हते, त्याला कोणी हात लावल्याची खूणही नव्हती. पोटाची फळी आणि बाजूची पट्टी, ज्या गेल्या आठवड्यापर्यंत एकजीव होत्या, त्या आता एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या उभ्या होत्या. मधली काळी फट, वाद्य न्यायला आलेल्या तरुण वादिकेला, कपाटाचे दार उघडताक्षणी दिसली.

वाद्य शहराच्या वाद्यवृंदाचे होते, दुरुस्ती अण्णांची होती. अण्णा म्हणजे त्या गल्लीतले वयोवृद्ध वाद्यकार. घर, गल्ली आणि वाद्यवृंद, तिन्ही ठिकाणी त्यांना याच नावाने ओळखत. हयातभर त्यांनी तंतुवाद्ये घडवली आणि दुसऱ्यांनी मोडलेली सांधली. अलीकडे त्यांचा हात कापतो, अशी कुजबुज होती. ती खरी होती. हत्यार हाती आले की तो कंप थांबतो, हेही खरे होते. परंतु लोक या दोन सत्यांपैकी सोयीचे तेवढे एकच सांगत.

उघडलेला सांधा पाहून अण्णा तडक हत्यारांकडे वळले. त्यांनी आपल्या सुऱ्या, पटाश्या आणि अंगठ्याएवढाले रंधे तेल लावून एका जुन्या सुती कापडात गुंडाळले, वर गाठ मारली आणि मुलाला एवढेच सांगितले की, विम्याच्या माणसाने दोष हाताचा ठरवला, तर ही गाठ पुन्हा सुटणार नाही. कार्यशाळाही त्याच दिवशी बंद.

विम्याचा माणूस म्हणून दुसऱ्या दिवशी ज्या आल्या, त्या एक उंच, सडपातळ बाई होत्या. बाहेर आठवडाभर रिपरिप लागली होती आणि त्यांच्या रेनकोटातून पाणी निथळत होते. एके काळी त्यांनी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले होते. पुढे, विद्यार्थ्यांपेक्षा मोडक्या वस्तू अधिक खरे बोलतात असे मत झाल्यामुळे, त्यांनी विमा-सर्वेक्षणाचा व्यवसाय पत्करला. ज्यांना हे मत विनोदी वाटे, त्यांच्याशी वाद घालायची त्यांची तयारी असे.

त्यांच्या निरोपाप्रमाणे कपाटाला कोणी हात लावला नव्हता. त्यांनी खिशातून आपले नावाचे कार्ड काढले आणि सांध्याच्या फटीत सरकवले. ते कुठेही न अडता अर्ध्यापर्यंत आत गेले. मग वाद्य अलगद बाहेर घेऊन त्यांनी ते कामाच्या मेजावर आडवे ठेवले आणि स्वतः कपाटापुढे उकिडव्या बसल्या.

कपाट जाड लाकडाचे, काचेच्या दाराचे होते. बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून दाराच्या कडांना नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, पट्टी होती. खालच्या फळीवर तळहाताएवढा ओला डाग होता. दाराची वरची बिजागरी लखलखीत होती आणि खालची मात्र तांबेरली होती.

अण्णांचा मुलगा मागे उभा होता. हिशेबी, नेटका, बोलताना हात पाठीशी बांधणारा गृहस्थ. बाईंनी विचारण्याआधीच तो म्हणाला, "वरून नळ जातो ना. गळतो कधीकधी."

बाईंनी डागाला बोट लावले आणि अंगठ्यावर चोळून पाहिले. पाणी पाण्यासारखे नव्हते. त्याला पातळ तेलाचा बुळबुळीतपणा होता. मग त्यांनी कपाटामागच्या भिंतीला तळवा टेकवला. भिंत कोमट होती. तिच्या पलीकडे सांधे जोडायचा सरस वितळवण्याची शेगडी होती आणि भिंतीतून गेले होते ते तिचे धुराडे. धुराड्यातून कोणी नळ नेत नाही.

मुलगा खोटे बोलला होता. आणि स्वतःसाठी खोटे बोलणारा माणूस इतक्या अजागळपणे बोलत नाही; इतके वाईट खोटे माणूस दुसऱ्या कोणासाठी तरीच बोलतो.

२

गल्लीच्या टोकाला अण्णांच्या जुन्या शिष्याचे दुकान होते. अण्णांकडे शिकून, त्यांच्याशीच भांडून, त्याने ते थाटले होते. अण्णा तापाने अंथरुणात असताना तो त्यांना पाहायला आला होता आणि परतताना कपाटापुढे बराच वेळ थांबला होता. सांधा उघडल्यावर वाद्यवृंदाने मत विचारले, तेही त्यालाच. त्याने एका वाक्यात मत दिले होते: सरस पातळ आहे.

या एका वाक्याने अण्णांचा निकाल लागल्यासारखा झाला होता. अण्णांचे काम गेले तर ते याच दुकानाकडे वळणार, हे सांगायला सर्वेक्षकाची गरज नव्हती.

शिष्य एका व्हायोलिनची मान तासत होता. त्याने मान वर न करताच सांगितले की कपाटाला त्याने बोटही लावले नाही. किल्ल्या दोनच, एक अण्णांच्या गळ्यात आणि दुसरी सूनबाईंकडे.

"सरस पातळ होता, हे तुम्ही म्हणालात," बाई म्हणाल्या.

"होताच. त्यात खोटं काय आहे?"

"पातळ म्हणजे वाईट, असंही म्हणालात?"

रंधा क्षणभर थांबला. "ते मला कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला आणि पुन्हा तासू लागला.

वादिका त्याच दुकानात बाकावर बसून होती. तिच्या मांडीवर रिकाम्या हातांची जुडी होती. त्या चेलोवर तिचा पहिला एकल कार्यक्रम व्हायचा होता आणि वाद्यवृंदाने तिला नवा, कारखान्यातला चेलो देऊ केला होता. तो नवा चेलो म्हणजे परक्या माणसाच्या बुटांत धावण्यासारखा आहे, असे ती म्हणाली. तिला दुसरे वाद्य नको होते. तिला खरे तर दुसरे अण्णाही नको होते.

बाईंनी तिला विचारले की दुरुस्तीच्या काळात ती वाद्य पाहायला येत असे का. येत असे, अर्थात बाहेरूनच, काचेतून. काही वेगळे जाणवले? ती विचार करून म्हणाली की सुरुवातीला काचेला आतून खाली धुके धरलेले असायचे. नंतर नंतर काच लख्ख दिसू लागली. कोणीतरी पुसत असेल, असे तिला वाटले.

"बाहेरून पुसली तर आतलं धुकं जात नाही," बाई म्हणाल्या, अर्ध्या स्वतःशीच.

निघण्यापूर्वी सकाळी त्यांनी डागापासून वीतभर अंतरावर, त्याच फळीवर, साध्या पाण्याचे चार थेंब सांडून ठेवले होते आणि डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढली होती. दुपारी परत येऊन त्यांनी कपाटात डोकावले. साधे थेंब केव्हाच उडून गेले होते. जुना डाग मात्र जागच्या जागी होता. नव्हे, त्याची कड सकाळच्या पेन्सिलीच्या रेघेबाहेर सरकली होती.

न वाळणारा डाग एक वेळ समजू शकतो. हा डाग वाढत होता, आणि वरून एक थेंबही पडत नव्हता.

३

अण्णा माडीवर आरामखुर्चीत बसले होते. ताप उतरला होता, पण उभारी परतली नव्हती. मुलगा दाराशी उभा राहिला. बाईंनी सरसाचा विषय काढला, तेव्हा अण्णांनी कबुली दिल्याच्या सुरात सांगितले की सरस पातळ होता, आपणच तो पातळ केला होता, आणि याउपर आपल्याला काही म्हणायचे नाही. बचाव करणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. असा अभिमान उदात्त दिसतो. परंतु चौकशीच्या दृष्टीने तो खोटेपणाइतकाच त्रासदायक असतो, हे बाईंनी त्यांना स्पष्टपणे सुनावले.

अण्णा प्रथमच किंचित हसले. "भांडखोर आहात."

"पगारच त्याचा मिळतो. अण्णा, कपाटात पाणी कोण ठेवत होतं?"

अण्णांनी दाराकडे पाहिले. मग मुलाला चहा टाकायला सांगितला. तो जिना उतरल्याची चाहूल लागल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

चेलोचे लाकूड शतकापूर्वीचे होते. अशा लाकडाला तहान लागते, असे अण्णांच्या गुरूने त्यांना शिकवले होते. म्हणून ते साबणाच्या डबीला भोके पाडत, आत ओला स्पंज ठेवत आणि ती डबी वाद्याच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशी सारत. लपवायचे कारण मुलगा. एकदा एका वाद्याचे ओले रोगण दमट हवेने पांढुरके पडले होते आणि त्यावरून बापलेकांची जी जुंपली, ती अख्ख्या गल्लीने ऐकली होती. तेव्हापासून कपाटात पाण्याचा थेंब न्यायचा नाही, असे मुलाने बजावले होते.

"या खेपेला स्पंज फार लवकर कोरडा पडायचा," अण्णा म्हणाले. "आज भरावा तर परवा खडखडीत. म्हटलं, वाद्यच पीत असेल. मी आणखी भरायचो. मग ताप आला, आणि भरणारं कोणी राहिलं नाही."

बाई खाली गेल्या. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात डबी होती तशीच होती. आतला स्पंज आक्रसून दगड झाला होता.

त्या कार्यशाळेच्या मधोमध उभ्या राहिल्या. खोलीच्या भिंतीवर आर्द्रतामापक टांगलेला होता. त्याचा काटा दमट हवा दाखवत होता आणि बाहेर तर पाऊसच होता. म्हणूनच कोरडेपणाचा संशय कोणाला आला नव्हता. पण त्या काट्याने या खोलीची हवा मोजली होती, कपाटातली नव्हे. कपाटात दोन ऋतू एकाच वेळी नांदत होते. खालची बिजागरी आणि डाग सांगत होते की आत ओल आहे. आक्रसलेला स्पंज आणि उघडलेला सांधा सांगत होते की आत रखरखाट आहे. दोघेही साक्षीदार खरे बोलत होते.

अण्णांनी ओंजळी-ओंजळीने आत नेलेले पाणी नमद्याच्या पट्टीतून बाहेर गेले नव्हते. वाद्य ते प्याले असते तर फुगले असते, आक्रसले नसते. मग ते पाणी गेले कुठे?

४

उत्तर सुनेच्या कपड्यांच्या कपाटात होते.

सून अबोल होती, पण आतिथ्यात कमी नव्हती. तिने बाईंचा ओला रेनकोट सकाळीच आपल्या कपाटात अडकवून ठेवला होता. बाई रुमाल घ्यायला गेल्या, तेव्हा कपाटाच्या तळाशी त्यांना प्लॅस्टिकची एक चौकोनी डबी दिसली. वरच्या जाळीवर पांढरे खडे होते आणि जाळीखाली, डबीच्या पोटात, स्वच्छ पाणी साठले होते.

"ओल ओढणाऱ्या डब्या," सून म्हणाली. "दुकानात मिळतात. घर दमट आहे ना आमचं."

बाईंचे लक्ष तिच्या हातांकडे गेले. बोटांच्या पेरांची कातडी उललेली होती. मनगटावरच्या घड्याळाचा चामडी पट्टा आक्रसून, वाळल्या शेंगेसारखा वाकडा झाला होता.

बाईंनी स्वयंपाकघरात बसायची परवानगी मागितली, आणि चार पेले व थोडा धुण्याचा सोडा. मुलगा चहाचे आधण ठेवून तिथेच उभा होता. त्याने सोडा काढून दिला. पहिल्या पेल्यात बाईंनी डबीतले खडे टाकून ढवळले आणि पेला सुनेच्या हाती दिला. तो कोमट झाला होता, चुलीवर न ठेवता. मग चेलोच्या कपाटातल्या डागावर त्यांनी ओला कापूस फिरवून आणला, तो दुसऱ्या पेल्यात पिळला आणि दोन्ही पेल्यांत सोड्याचे पाणी घातले. दोन्हींत दुधासारखा पांढरा ढग उठला. तिसऱ्या पेल्यात जेवणातल्या मिठाचे पाणी होते, चौथ्यात नुसते नळाचे. तिथे सोड्याने काहीच केले नाही.

"हा ढग खडूचा," बाई म्हणाल्या. "दोन्ही पेल्यांत एकच लवण आहे, कॅल्शियम क्लोराइड. तुमच्या कपड्यांच्या कपाटातलं लवण चेलोच्या कपाटात कसं गेलं, ते तुम्ही मला सांगणार आहात."

सुनेने पेला खाली ठेवला. मुलगा मध्ये बोलू पाहत होता, परंतु तिने त्याला थांबवले.

"राहू द्या हो. तुमच्या त्या नळावर कोणाचाही विश्वास बसला नसता." मग ती बाईंकडे वळली. "मीच केलं ते."

रोगण वाळेपर्यंत कपाट उघडायचे नाही, हा अण्णांचा नियम होता. पण काचेवर आतून धुके दिसले, तेव्हा ती घाबरली. आत ओल आहे हे कळले तर बापलेक पुन्हा भांडतील, आणि मागच्या भांडणानंतर घर कितीतरी दिवस मुके झाले होते. म्हणून तिने गुपचूप एक डबी आत, दाराच्या चौकटीआड कोणाला दिसणार नाही अशी, ठेवली. ती इतक्या झटपट भरली की तिने आणखी एक ठेवली, मग आणखी एक. वाद्य न्यायला येणार होते त्या सकाळी तिने डब्या काढल्या. घाईत एक लवंडली. तिने पुसले; पण पुसलेली जागा पुन्हा ओली झाली. मग दार उघडले आणि सगळ्यांना ती फट दिसली.

"पाण्याने सरस सुटतो, एवढं मलाही कळतं," ती म्हणाली. "माझ्या सांडण्याने अण्णांचा हात बदनाम झाला. सांगायचं होतं, पण जीभ रेटेना."

फडके हातात घेतलेली बायको मुलाने त्या सकाळी पाहिली होती. त्याने तिला काही विचारले नव्हते आणि नळ मात्र शोधून काढला होता.

बाईंनी चारही पेले मोरीत रिते केले. "तुमचा हात त्यात आहे, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही समजता तसा नाही. आणि एकटा तुमचाही नाही."

५

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे कार्यशाळेत जमले. अण्णांना मुलाने हात धरून खाली आणले. वादिका आली, तिच्यासोबत शिष्यही आला आणि दारालगत, पाहुण्यासारखा, उभा राहिला.

बाईंनी आधी लवणाची बाजू मांडली, कारण त्यांच्या मते या घरात सर्वांत प्रामाणिकपणे तेच वागले होते. कॅल्शियम हा अल्कधर्मी मृदा धातूंपैकी एक. आपल्या हाडांत तो आहे, चुन्यात आहे, खडूत आहे. तोच क्लोरिनशी जोडला गेला की जे लवण होते, त्याला पाण्याचा विलक्षण लोभ. हवेतली ओल ते ओढते, आणि एवढी ओढते की शेवटी त्याच पाण्यात विरघळून जाते. याला रसायनशास्त्रात चिघळणे म्हणतात. या एका लोभाचे माणसाने किती उपयोग केले, पाहा: कच्च्या रस्त्यावर हे शिंपडले की रस्ता ओलसर राहतो आणि धूळ उडत नाही, गोठलेल्या रस्त्यावर टाकले की बर्फ वितळतो, प्रयोगशाळेत वायू वाळवायला हेच, आणि ओलसर कपाटात हेच.

"म्हणून तो डाग वाळला नाही," त्या म्हणाल्या. "दार उघडलं, बाहेरची दमट हवा आत आली, आणि तो पुन्हा प्यायला लागला. नळाचं पाणी वाळतं. हे पाणी लवणाने धरून ठेवलेलं होतं."

मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या. कपाटात एक माणूस पाणी आत नेत होता आणि दुसरे माणूस पाणी बाहेर काढत होते. दोघेही लपून. अण्णांना वाटे, स्पंज लवकर वाळतो, म्हणजे वाद्य तहानलेले आहे; ते अधिक पाणी घालत. सुनेला वाटे, डबी लवकर भरते, म्हणजे कपाट ओलेगच्च आहे. ती आणखी डबी ठेवी. एकाचे पाणी दुसऱ्याच्या डबीत जात होते, आणि मधे उभा असलेला चेलो, दोरीखेचीतल्या मधल्या गाठीसारखा, जागचा हलत नव्हता. ओढ दोन्हीकडून सारखी होती तोवर सगळे ठीक होते.

"मग अण्णा आजारी पडले," वादिका हळूच म्हणाली.

"आणि दोरीचं एक टोक सुटलं. स्पंज वाळला, लवण थांबलं नाही. आधी त्याने कपाटातली हवा कोरडी केली, मग लाकडातली ओल ओढली. हवेत तिसरा हिस्सा ओल उरली तरी ते पीतच राहतं. फळी आक्रसली, पट्टीपर्यंत पुरेना, आणि सांधा उघडला. सांडलेल्या पाण्याचा यात काडीचा संबंध नाही. ते सांडलं तेव्हा फट पडून गेलेली होती."

मुलाने पुरावा मागितला. पत्नीवरचे किटाळ दूर होत असतानाही पुरावा मागणारा माणूस बाईंना मनापासून आवडला. त्यांनी कालच्यासारखेच आपले कार्ड काढले, मेजावर पडलेल्या चेलोपाशी गेल्या आणि ते फटीत सरकवू लागल्या. कार्ड कडेलाच अडले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. कार्ड वाकले, आत गेले नाही. रात्रंदिवस खोलीच्या दमट हवेत पडून लाकूड पाणी पिऊन आपल्या मापावर परतत होते.

"मूळचा दोष सांध्याचा असता, तर फट अशी मिटत आली नसती," बाई म्हणाल्या. "पण एक प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. सरस पातळ का होता?"

अण्णा खाली पाहत होते. बाईंची नजर दाराकडे गेली.

शिष्य दारापासून एक पाऊल आत आला. "पोटाच्या फळीला सरस पातळच लावायचा असतो," तो म्हणाला. "लाकूड आज ना उद्या आक्रसणारच. तेव्हा काहीतरी सुटलं पाहिजे. सरस घट्ट असला तर सांधा धरून बसतो आणि फळी उभी चिरते. मग शंभर वर्षांचं लाकूड गेलं. पातळ असला तर सांधा सुटतो, फळी वाचते." तो थांबला. "हे मला अण्णांनीच शिकवलं. घट्ट लावला म्हणून एकदा अख्खं पोट पुन्हा उघडायला लावलं होतं त्यांनी. आमचं भांडणही तिथूनच सुरू झालं."

"म्हणजे सांधा सुटला, हा दोष नव्हे?" मुलाने विचारले.

"सांध्याने त्याचं काम केलं. मी अर्धंच वाक्य बोललो होतो. उरलेलं मला कोणी विचारायची वाट पाहत बसलो, हे बरं केलं नाही." मग तो अण्णांकडे वळला, पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहणे त्याला जमले नाही. "उद्या वाद्यवृंदात जाऊन पुरतं सांगतो."

अण्णा सुनेला म्हणाले, "किती डब्या ठेवल्या होत्यास?"

"तीन, अण्णा."

"आणि मी खुळ्यासारखा रोज पाणी घालतोय. बाजारातून ओझं वाहून तू डब्या आणायचीस, माझंच पाणी भरून घ्यायला." त्यांच्या खांद्यांना जो हेलकावा आला, तो हसण्याचा आहे हे कळायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. मग आधी सून हसली, आणि तिच्या मागोमाग तिचा नवरा.

६

लाकूड पुरते मापावर यायला आणखी काही दिवस जाऊ द्यावे लागले. तोवर बाईंचा अहवाल गेला: कारागिरी निर्दोष; सांधा सुटण्याचे कारण, कपाटातली हवा. दोष कोणाच्या नावावर घालायचा, असे कंपनीने उलट विचारले, तेव्हा त्यांनी दोन पानी युक्तिवाद लिहून धाडला. त्याचे सार असे की, एकमेकांना न सांगता घेतलेली काळजी हा गुन्हा ठरवायचा झाला, तर कंपनीला शहरातल्या प्रत्येक घरी सर्वेक्षक पाठवावा लागेल.

सांधा जोडायच्या दिवशी त्या पुन्हा आल्या आणि येताना काचेची एक पसरट बरणी घेऊन आल्या. तीत स्फटिकांचा ओला लगदा होता आणि तोंडाला दाट विणीचे कापड बांधलेले होते.

"मॅग्नेशियम नायट्रेट," त्या सुनेला म्हणाल्या. "तुमच्या लवणाच्याच घराण्यातलं, पण स्वभावाने समंजस. खाली स्फटिक आणि वर त्याचंच पाणी, असं दोन्ही शिल्लक असलं, की हवा कोरडी पडल्यावर हे पाणी सोडतं आणि दमट झाल्यावर ओढून घेतं. ओल निम्म्याच्या आसपास राखतं. तुम्ही दोघं मिळून जे करत होतात, ते हे एकटं करतं. फक्त याला हात लावलात तर धुवा, आणि शेगडीपासून दूर ठेवा."

मुलाने भिंतीवरचा आर्द्रतामापक काढून कपाटाच्या आत, काचेतून दिसेल असा टांगला. कपाटाची किल्ली अण्णांच्या गळ्यातून निघाली आणि दाराशेजारच्या खिळ्यावर आली. तिथून ती कोणीही घ्यावी, फक्त घेतल्यावर सांगावे, असे ठरले. ठरवताना थोडी वादावादी झाली, आणि ती गल्लीला ऐकूही गेली. पण या वेळी घर मुके झाले नाही.

शेगडीवर सरस वितळत होता. शिष्य न बोलावता आला होता आणि सांधा आवळायच्या पकडी हातात घेऊन चेलोच्या पलीकडे उभा राहिला होता, जिथे तो शिकायला असताना उभा राहत असे. अण्णांनी कुंचला सरसात बुडवला, वर काढून त्याची धार पाहिली आणि त्यात थोडे गरम पाणी घातले.

"आणखी पातळ?" मुलगा म्हणाला.

"अगदी मापात," शिष्य म्हणाला, आणि अण्णांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली.

पातळ सुरीच्या टोकाने सरस फटीत उतरवताना अण्णांचा हात कापत नव्हता. सुनेने तळाकडची पकड धरली, मुलाने कमरेकडची, शिष्याने मधल्या आवळल्या. फळी आणि पट्टी एकमेकींना भिडल्या, आणि जादा सरस सोनेरी मण्यांच्या ओळीसारखा सांध्याबाहेर आला. तो लगेच पुसायला हवा होता.

"फडकं," अण्णा म्हणाले.

जवळ फडके नव्हते. अण्णांनी मेजावरचे हत्यारांचे गाठोडे ओढले, दातांनी गाठ सोडली, आणि सुऱ्या, पटाश्या, रंधे मेजावर खळखळ ओतून मोकळे झालेले ते जुने सुती कापड टराटरा फाडले. एक तुकडा शिष्याकडे फेकला, एक सुनेला दिला, एक स्वतः गरम पाण्यात पिळून सांध्यावरून फिरवला.

बाकावर बसून पाहणारी वादिका उठली आणि मेजावर विखुरलेली हत्यारे गोळा करू लागली. ती कुठे ठेवायची, असे तिने विचारले.

"भिंतीवर," अण्णा मान वर न करता म्हणाले. "त्यांच्या जागा भिंतीवरच आहेत."